तुरळक ठिकाणी

सकाळी साडेआठचं निरीक्षण लिहून
मी पांढऱ्या लाकडी पेटीचं दार लावते,
तोवर फोन वाजतो.
उचगावहून भावकाण्णा तरळे.
नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही.
"बाई, आज झाकू काय?"

चाळीस हजार कच्च्या विटा,
मार्कंडेयच्या काठाला उघड्यावर मांडलेल्या,
बोटांचे ठसे अजून न बुजलेल्या.
झाकल्या तर वाळत नाहीत.
उघड्या ठेवल्या आणि वळीव आला
तर पंधरा मिनिटांत पुन्हा शेत.

मी वाचून दाखवते:
पारा अडतीसच्या वर,
उष्म्याचा इशारा अथणी-रायबागला,
दुपारनंतर मेघगर्जनेसह
तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम.
तो जरा गप्प राहतो.
"हे तुरळक कुठं येतंय, बाई?
हिंडलग्याच्या अलीकडं, का पलीकडं?"

नकाशात अख्खा जिल्हा एकाच पिवळ्यात भरलेला,
खानापूरच्या जंगलापासून अथणीच्या खडकापर्यंत.
आणि चंदगडच्या बाजूला रेघ,
रेघेपलीकडे कोरा कागद.
तिथलं आभाळ दुसऱ्या कचेरीत लिहितात.
कधी संध्याकाळी, माझ्या डोळ्यांदेखत,
ढग रेघ ओलांडतो
आणि माझा राहत नाही.

पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी.
एक कोरडा, एकाच्या पायाला ओलं फडकं.
मार्चातल्या दुपारी दोघांत बोलणंसुद्धा नसतं.
मग कधीतरी चोर्ल्याच्या घाटानं
गोव्याची दमट हवा वर चढते
आणि ते जवळ सरकू लागतात.
मानेला आधी कळतं, कागदाला मागून.
पण बुलेटिनात मान लिहिता येत नाही.

गेल्या गुरुवारी मी म्हणाले होते, नको झाकू.
चार वाजता गोकाकच्या अंगानं उठला.
सांबऱ्याची धावपट्टी दिसेनाशी झाली.
मी फोन लावत राहिले. लागला नाही.
माझ्या मापकात तेवीस पूर्णांक चार.
त्याच्या भट्टीवर किती, कुणी मोजलं नाही.
साच्यात माती थापणारी निंगव्वा नंतर म्हणाली,
"बोटं तेवढी शिल्लक राहिली बघा."

शुक्रवारी साडेआठला फोन वाजला.
मी लगेच उचलला नाही.
"बाई, आज झाकू काय?"
कालच्याच आवाजात.

रविवारी न राहवून भट्टीवर गेले.
आंब्याखाली जुना रेडिओ, आवाज मोठा,
काटा धारवाड आणि सांगलीच्या मधोमध,
जिथं कुणीच बोलत नाही.
"बिघडलाय काय?"
"ऐका की."
खर्रर्र.
"हा बघा. लांब हाय. सौंदत्तीकडं वीज पडाली."
निंगव्वा मोजत होती, ओंदु, एरडु, मूरु,
आणि तो तिच्यामागून एक, दोन, तीन.
"धारवाड म्हणतंय मळे, सांगली म्हणतंय पाऊस.
मधी जे कुरकुरतंय, तेवढं खरं."
मला 'मळे' म्हटलं की अजून
आजोळच्या वांग्यांचे वाफेच दिसतात.

आज दुपारी दोन्ही पारे
कधी नव्हे इतके जवळ आले.
मी स्वतःहून फोन केला.
"झाका. सगळ्या झाका."
आठ माणसं, अकरा ताडपत्र्या, कडेला दगड.

पाच वाजले. सहा. आभाळ ताटासारखं स्वच्छ.
कमाल एकोणचाळीस पूर्णांक दोन,
या मोसमातलं सगळ्यात जास्त.
एवढं ऊन, आणि त्याच्या विटा ताडपत्रीखाली घामेजत बसलेल्या.

रात्री नऊला त्याचा फोन.
"चुकलं माझं," मी आधीच म्हणाले.
"न्हाई हो. तिकडं चंदगडात पडालाय.
वास आलाय हिथंवर.
आता उघडालोय सगळ्या,
रात्रीचा वारा तरी लागू दे."
मागून ताडपत्री ओढल्याचा आवाज,
निंगव्वाचं कुणावर तरी ओरडणं.

मी वही काढली.
पर्जन्यमान: निरंक.
शेरा: पश्चिमेस दूर वीज दिसली.
वासासाठी रकाना नव्हता.
खिडकी उघडून बघितली,
सांबऱ्यापर्यंत काही तो आला नव्हता.