राळेतला सिंह

प्रभावळ मोडायला घेतली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते,
घडियाळी पोळमध्ये वीज गेलेली.
विलासिनीबाई खासगीवाले समोर स्टुलावर,
मांडीवर नातवाच्या कॅनडाच्या फीचा कागद.
"दोन मोर, दोन मकर, खाली सिंह," त्या म्हणाल्या,
वाण्याला यादी सांगावी तसं,
"सगळं आटवून टाक. वजन मात्र माझ्यासमोर."

काम अण्णांचं. हातात घेताच कळलं.

न पाहिलेलं जनावर अण्णा घडवत नसत.
मकरासाठी थंडीत काळ्या घोड्याच्या पुलावर उभे राहायचे;
खाली विश्वामित्रीत मगर जबडा वासून ऊन खात असे,
तिचे खालचे दात ओठाबाहेर कसे येतात ते
विडीच्या बंडलाच्या कागदावर काढून आणायचे.
म्हणून त्यांच्या तोड्यांवरचे मकर
पोथीतल्यासारखे नसत:
सोंड वगळलेली, भूक तेवढी ठेवलेली.
आणि मोर कुठले, तर मकरपुऱ्याचे.
हा विनोद दर गिऱ्हाइकाला.

सिंहासाठी मात्र कमाटीबाग.
रविवारी, तिकीट काढून, मला सोबत घेऊन.
सिंह झोपलेला.
पुढच्या रविवारी झोपलेला.
अकरा रविवार मी शेंगदाणे खाल्ले,
त्याची शेपटी एकदा हलली.

खासगीवाल्यांनी तेव्हा तक्रार केली होती म्हणे,
देवीचं वाहन, आणि हे पेंगतंय?
अण्णांनी तोंडातली फुंकणी काढली.
"जागा दिसला की जागा करून देईन."

चांदीला पाठीमागून मारतात.
पत्रा राळेवर पालथा टाकायचा,
पोटातून ठोकून छाती उठवायची, आयाळ उठवायची,
मग तापवून, उलटवून,
दर्शनी बाजूने नाक, मिशा, नखं.
घडवणाऱ्याला जनावर आधी आतून भेटतं.
मीही तशीच शिकले. मुलगी म्हणून अण्णांनी
सूट दिली ती एकच: ऐरण जरा बुटकी.

मोर सुटे झाले. मकर कातरीत कुरकुरले.
सिंह शेगडीजवळ धरला, जरासाच,
तशी पोटातली जुनी राळ कडेने सुटली
आणि अख्खा गोळा तळहातावर आला,
काळा, कोमट,
विटेच्या भुकटीचा न् तेलाचा वास मारणारा.
उजेडाकडे वळवून पाहिला.

डोळा उघडा.

गोल, टपोरा, बुबुळासकट
मागून ठोकलेला.
पुढच्या बाजूने, चांदीवर,
तांदळाएवढी पापणी नंतर डाखलेली.

"काय झालं गं?" विलासिनीबाईंनी विचारलं.
"राळ," मी म्हटलं, "सव्वीस ग्रॅम. वजनातून वजा होईल."
त्यांचा चेहरा उतरला.

मुशीत मोर आधी वितळला की मकर, सांगता येत नाही.
टाकणखार टाकला. वर क्षणभर साय धरली,
मग नुसता एक थरथरता आरसा,
त्यात माझी हनुवटी.
लगडीवर माझ्या दुकानाचा ठसा मारला.
नियम आहे तसा.

गोळा खिडकीत ठेवलाय.
थंडीभर तो रस्त्याकडे टक लावून असतो,
स्कूटरवाले, कबुतरं, शाळेची पोरं.
मे महिन्यात राळ ढिली पडते.
दुपारी दोनच्या सुमारास
त्याचा डोळा जड व्हायला लागतो.
मग मीही शटर अर्धं खाली ओढते.