दोन सूत कमी

सोहारपासून बरंच आत, वादीच्या वळणावर,
तांब्याची खाण मिटून तीस वर्षं झालेल्या वस्तीत
एक लाकडी केबिन उभी आहे.
मैलोगणती सावलीपुरतं झाड नाही
आणि ही आख्खी ओंडक्यांची.
मला कंपनीनं पाठवलं ते यादी करायला:
काय पाडायचं, काय ठेवायचं,
कुठं नुसतं कुंपण घालून विसरायचं.

दूर मोहम्मद, बलुची राखणदार, किल्ली शोधत बसला.
कुलूपच नाही, हे त्याला पंधरा मिनिटांनी आठवलं.
"कॅनडाच्या एका साहेबाचा हट्ट," तो म्हणाला,
"त्यांच्याकडे बर्फात असतं तसं घर हवं होतं.
बर्फ देता येईना. ओंडके दिले."

ओंडके म्हणजे बोगद्याचे धिरे.
निलगिरीचे, जहाजानं आलेले, डोंगर तोलायला.
ज्यांनी अंधारात उभं राहायचं होतं
त्यातले उरलेसुरले
उन्हात आडवे झाले.

साहेब दोन उन्हाळे टिकला.
मग इथं गुरुवारी पगार वाटायचे,
खिडकीच्या चौकटीला अंगठ्यांची शाई अजून आहे.
मग मलमपट्टी.
मग काही वर्षं कुणीच नाही.
मग झुवेना नावाच्या बाईच्या शेळ्या.
तिनं दारातला खालचा ओंडका उपसून चुलीत घातला.
"थंडी होती," ती हसत सांगते,
"आणि शेळीला उंबरा कशाला?"

तज्ज्ञ मंडळी आधीच येऊन गेलेली.
त्यांच्या कागदात लिहिलंय:
ओंडक्यांच्या टोकांवर कोरीव खुणा, लिपी अनिश्चित,
प्राचीन तांबटांशी संबंध असू शकेल, तपास व्हावा.
सोबत फोटो.
फोटो उलटा.

मी तो फिरवला.

पू ३.
उ ११.
पटाशीनं कोरलेलं, शिरोरेघेसकट,
चौथीपर्यंत शाळेत गेलेल्या हाताचं.
मी तसाच लेंड्यांवर बसलो
आणि मान वाकडी करून वाचत राहिलो
एक आख्खी भिंत.

प ५, गाठ बाहेरच्या अंगाला.
प ६, यावर पाय देऊ नये.
द ७, दोन सूत कमी.
द ८, चुकला, पण बसला.

नकाशा मिलिमीटरचा, साहेब फूट-इंचांचा,
आणि हा पठ्ठ्या सुतात मोजत होता
भर अरबस्तानात.

"नज्जार होता एक, कासिम," दूर मोहम्मद म्हणाला,
"तुमच्याच बाजूचा. बुरोंडी की काय सांगायचा गाव.
बोटी बांधलेला माणूस.
खिळा मारायचा नाही.
ओंडका ओंडक्यात बसवायचा
आणि सांध्याला कान लावायचा,
पाणी कुठून शिरेल ते ऐकायला.
आम्ही हसायचो. इथं कसलं पाणी?"

एका वर्षी वादी भरून आली.
पत्र्याच्या तीन केबिनी हमरस्त्यापर्यंत गेल्या.
ही म्हणे जागची उचलली गेली, हातभर तरंगली,
आणि होती तिथंच टेकली.
असं दूर मोहम्मद सांगतो.
तो पुष्कळ सांगतो.

संध्याकाळी मी रकाने भरले.
लांबी, रुंदी, छत, वाळवी: नाही.
लिपी: मराठी.
बांधणारा: इथं पेन थोडं थांबलं,
कारण रकाना कंपनीच्या नावापुरताच होता.
कासिम बुरोंडीकर, मी लिहिलं, सुतार,
अक्षरं चौकटीबाहेर गेली.
शेरा: ठेवावे.

निघताना पुन्हा दक्षिणेच्या भिंतीशी गेलो.
द ७ च्या फटीत त्यानं खजुराची चीप ठोकलेली,
ती आता बोटानं हलते.
मोजपट्टीवर आपलं माप नव्हतं,
मी हिशेब करून काढलं.
तीन सूत.

एका सुताला चाळीस उन्हाळे लागले.

मी चीप पुन्हा आत दाबली
आणि, कुणी बघत नाही असं पाहून,
सांध्याला कान लावला.
पलीकडे एक शेळी
काहीतरी चघळत होती.