सुईची खूण

सोनेगावच्या धावपट्टीची उंची
समुद्रसपाटीपासून एक हजार तेहेतीस फूट.
स्वतःच्या जन्मतारखेआधी मला हा आकडा आठवतो.
एकतीस वर्षं रोज सकाळी
टेबलावर आलेल्या प्रत्येक उंचीमापकाला
मी पहिल्यांदा एवढंच विचारायचो,
सांग बाप्पा, तू कुठे आहेस?

आमच्या गावाला डोंगर नाही.
सेमिनरी हिल्सला हिल म्हणतात, ते मोठ्या मनानं.
बर्फ मी पाहिला तो रसवंतीत.
पण काचेच्या हंडीतली हवा उपसत उपसत
शेकडो यंत्रं नेली वीस हजार फुटांवर.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री, कूलरला वाळ्याचा वास,
आणि समोर हातभर अंतरावर, हंडीत,
माणूस जगणार नाही इतकं उंच काहीतरी.

त्या नोव्हेंबरात एक परत आलं.
पुठ्ठ्याच्या खोक्यात, तणसात, संत्री येतात तसं.
काच नव्हती. डबी चेपलेली.
सोबतच्या नोंदवहीत जुलैची तारीख
आणि माझं अक्षर :
तपासले. ठीक. मो. वि. डांगरे.

चौकशीचे दोन साहेब उभे होते.
सुई कुठे होती ते सांगता येईल?
सुई नव्हतीच. पण आदळताना
ती तबकडीला एकदाच थापडते
आणि अंगचा रंग तिथे ठेवून जाते.
खिडकीला घोंगडी लावली, जांभळा दिवा धरला.
केसाएवढी रेघ उजळली.
चौदा हजार दोनशे.

कडा तेरा हजार नऊशे दहावर होता.

म्हणजे सुई खोटं बोलली, धाकटा साहेब म्हणाला.
मी म्हटलं, साहेब, सुईला उंची कळत नाही.
तिला हवेचं ओझं कळतं फक्त.
सकाळचा दाब घेऊन ती निघाली,
पलीकडच्या खोऱ्यात दुपारपर्यंत हवा हलकी झाली,
ते तिला कोणी सांगितलं नाही.
सांगितलं तेवढ्याशी ती इमानी राहिली.

अहवालात आलं : उपकरण निर्दोष.
त्या कागदाची घडी मी पाकिटात ठेवली
आणि पाकीट बदललं तेव्हा
नव्यातही ठेवली.

सार्जंट उईकेची बायको आली उन्हाळ्यात,
वायुसेनानगरातलं क्वार्टर सोडायच्या आदल्या दिवशी.
पदरानं मान पुसत दारातच म्हणाली,
भाऊ, तुमी त्या घड्याळाईचं काम करता नं?
त्यायले डोंगर दिसला असन का?

मी म्हटलं, नाही ताई.
दिसला असता तर विमान वर ओढलं असतं.
चढ-उताराच्या घड्याळावरची खूण शून्यावर होती.
सरळ, आडवं, निवांत चाललं होतं.
ती म्हणाली, मंग बरं.
माठातलं पाणी प्याली, पेला उपडा ठेवला, गेली.

चढ-उताराचं घड्याळ सापडलंच नव्हतं.

आता जयताळ्याला घर आहे. भिंतीवर
भंगारात निघालेला एक उंचीमापक.
उपसागरात कुठे कमी दाबाचा पट्टा झाला
की घर आपोआप वर जायला लागतं.
काल रात्री बाराशेवर होतं,
अंगणातल्या तुळशीसकट, स्कूटरसकट,
झोपलेल्या नातवासकट दीडशे फूट वर,
आणि कुणाच्या पोटात गोळा नाही.
वाटतं, हेच झालं असेल त्यांचं.
चुकीची उंचीसुद्धा अशीच स्थिर वाटते,
थर्मासमधल्या चहाइतकी घरगुती.

मी उठतो. काचेवर टिचकी मारतो.
आकाशवाणीवर ऐकलेला दाब
बारकी कळ फिरवून लावतो,
आणि एकेक फूट, कुणाला जाग न येता,
घर खाली आणतो.