माया

मुगभाटातल्या दवाखान्यात तू माझं वजन
माझ्या उंचीने भागलंस,
मग पुन्हा एकदा उंचीनेच.
सत्तावीस पूर्णांक एक, म्हणालीस,
तेवीसच्या आत हवं.
चिठ्ठीवर लाल गोल काढलास.

एकतीस वर्षं ब्लाउज शिवते मी, पोरी,
ठाकूरद्वारला, जिन्याखालच्या जागेत.
माझ्या वहीत एकेका बाईला अकरा आकडे लागतात.
छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, मागचा गळा,
आणि शेवटी एक फुली, मलाच कळणारी,
की हिचा डावा खांदा उतरलाय
लेकराला कडेवर घेऊन घेऊन.
तुझ्या एका आकड्यात
कुठे बसवतेस एवढी बाई?

शालन केळुसकर. वही सातवी, पान चाळीस.
दसऱ्याला तिचाही आकडा असाच, लाल.
संक्रांतीला तिचे ब्लाउज अर्धा इंच आत घेतले,
पाडव्याला आणखी एक इंच.
श्रावणात आली तेव्हा
दोन बोटं घालावीत इतकी बाही सैल.
इथेच तिला बावीस सांगितलं होतं,
छान म्हणाले, म्हणत होती,
पेढे आणले होते तिने.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
बोलले नाही.
दिवाळीपर्यंत कळलं सगळ्यांनाच.

तुझा आकडा खोटा नाही, ठाऊक आहे मला.
दुसऱ्या मजल्यावर थांबते मी
कठड्याची नक्षी बघायला,
आणि नक्षी काही रोज बदलत नाही.
पण कापड बेतताना आम्ही
शिवणीच्या आत बोटभर राखतो.
बाळंतपण येतं, थायरॉइड येतो,
नवरा गेल्यावर जेवण जात नाही,
नाहीतर तेवढंच जातं.
त्या बोटभर कापडाला माया म्हणतात.
भागाकारात ती कुठे सोडतात?

तू हसलीस. खणातून टेप काढलीस,
कंबर पण घेते म्हणालीस,
आणि धरलीस वाकडी, करकचून.
सैल धर गं, म्हटलं,
आणि मला श्वास तरी सोडू दे.
साडेछत्तीस.
हे कळलं मला. हे माझ्या भाषेतलं होतं.

रात्री वहीत कोरं पान काढलं,
वर माझं नाव घातलं, पहिल्यांदाच.
अकरा आकडे भरले, फुलीही मारली.
उंची तेवढी तुझ्या चिठ्ठीवरून उतरवली,
ती आजवर
कोणाचीच मोजली नव्हती मी.