डावा खालचा कोपरा

आठशे एकोणपन्नास युरो.
विझ्मा चष्मा कपाळावर सारून पुन्हा वाचते.
तेवढेच.

लिएपायाच्या बंदरात ती क्रेन चालवते, एकवीस वर्षं.
ओंडके, कोळसा, कधी पवनचक्कीचं एखादं पातं,
उंचावरून बघत डोळ्यांनीच वजन करायची सवय.
हे वजन मात्र काट्यावर येत नाही.

दुकानातला राइवो पोरसवदा, हौशी.
'बघा,' म्हणाला, आणि पडद्यावर काहीच नव्हतं.
'हा खरा काळा. प्रत्येक ठिपका आपापला विझतो,
मागे दिवाच नाही. तुमच्या जुन्या मॉनिटरात
एका पांढऱ्या दिव्यावर पांघरूण घालून
रात्र केलेली असते.'
तिला ते पांघरूण आवडलं, पण बोलली नाही.
'म्हणजे मी काळ्याचे पैसे द्यायचे?
इथे? डिसेंबरात?
पावणेचारला समुद्र दिसेनासा होतो, फुकट.'
राइवो हसला, आणि दोनशे चाळीस हर्ट्झकडे वळला.

मग डागाचं. एकच चित्र फार वेळ ठेवलं
तर त्याची सावली पडद्यात मुरते म्हणे.
कोपऱ्यातला नकाशा, इंधनाचा काटा,
खेळ बंद केला तरी पुसट उरतात.
विझ्माला हे समजावून सांगावं लागलं नाही.
घरी स्वयंपाकघरात
आर्विद्सचं घड्याळ जिथे टांगलेलं असायचं
तिथे भिंतीवरचा कागद अजून कोरा पिवळा आहे,
गोल.

शुक्रवारी रात्री नऊला गातिस येतो,
म्हणजे त्याचं यान येतं. तिकडे कॉर्कमध्ये तेव्हा सात.
दोघं कुठल्याशा लघुग्रहावर निकेल खणतात,
जेवलास का, हो, डावीकडे घे, दाताचं काय झालं,
आई इंजिन तापलंय तुझं, तापू दे,
ती मुलगी येते का अजून, कुठली मुलगी.
समोरासमोर बसून इतकं त्यांना कधी जमलं नाही.

आणि सात वर्षं, डाव्या खालच्या कोपऱ्यात,
सगळ्या ताऱ्यांपलीकडे एक फिकट उजेड.
पहाटेआधी धक्क्यावरून दिसतो तसा.
यान कुठेही वळवा, तो तिथेच.
तिला त्याचं नवल वाटलं नाही,
फार लांबचं असतं ते सोबत चालतंच,
चंद्र नाही का चालत.

त्या शुक्रवारी ती म्हणाली,
'एकदा त्या उजेडापाशी जाऊ या का?'
'कुठला उजेड?'
'हा काय. डावीकडे, खाली.'
त्याचं यान थांबलं. बराच वेळ थांबलं.
त्याच्याकडे नवा पडदा आहे, ठिपके विझणारा.
'आई, तिथे काही नाही.
तुझ्या मॉनिटरचा दिवा पाझरतोय कडेनं.'
'बरं,' ती म्हणाली.
त्यांनी आणखी चार टन निकेल खणलं.

शनिवारी ती पुन्हा दुकानात.
दोघांनी एकच रात्र बघावी, असंही वाटतंच ना.
डागाला तीन वर्षांची हमी आहे का, विचारलं. आहे.
खिडकीचा उजेड पडला तर काळा करडा दिसतो का, विचारलं.
राइवो जरा घुटमळला, मग खरं बोलला.
शेवटी, पाकिटातून नोटा मोजताना,
'आणि फार काळा वाटला तर परत घेता?'
त्यानं पावती उलटून दाखवली. चौदा दिवस.

आज सातवा.
खोका दाराशीच आहे, चिकटपट्टीसकट,
त्यावर कामाचे ओले हातमोजे वाळत घातलेत.
नऊ वाजलेत. जुना पडदा कुरकुरत उजळतो,
आधी कोपरा, मग तारे.

'लावलास का नवा?' गातिस विचारतो.
'वायर आखूड पडते.'
तो काही म्हणत नाही. खोटं त्यालाही ओळखता येतं,
क्रेन चालवणारीच्या पोटचा आहे.
मग, इंजिन सुरू करता करता,
'तो उजेड आहे का अजून तुझ्याकडे?'
'आहे.'
'मग सांग ना,
कुठून वळू?'