तिकिटाखालची खेळी

खळदकर दापोडीच्या वर्कशॉपात फिटर.
मास्तर त्यांना आम्हीच केलं,
रास्ता पेठेत, आमच्या गिरणीमागच्या खोलीत,
जिथे काळ्या सोंगट्या अर्ध्या तासात करड्या होत
आणि डाव मांडण्याआधी पटावर फुंकर मारावी लागे.

पुस्तक जुन्या बाजारातलं. रशियन,
पुठ्ठा गेलेलं, दोन बिजागऱ्यांवर फुकट मिळालेलं.
घोड्याचं अक्षर कुठलं, उंटाचं कुठलं,
हे आम्ही पटावर चालवून चालवून ठरवलं.
बाकी मजकूर बंदच राहिला.
दोन चिन्हं तेवढी वाचता येत, उद्गार आणि प्रश्न.
"एवढ्यावर भागतं," मास्तर म्हणाले.

पुढची ओळ ते बसच्या तिकिटाने झाकत.
"बोल. तू असतीस तर?"
मी बोले. तिकीट एक ओळ खाली सरके.
बहुतेकदा मी चुकलेली असे.
एखाद्या वेळी मी बरोबर आणि तो उस्ताद चूक,
तेव्हा मला हसू फुटे.
मास्तर हसत नसत.

एकतिसावी खेळी. काळ्याचा हत्ती थेट सातव्या पट्टीत घुसला,
घरची पट्टी उघडी टाकून. पुढच्याच खेळीत मात.
शेजारी दोन प्रश्नचिन्हं, जाड.
"एवढा मोठा माणूस, आणि हे दिसलं नाही?"
"चूक का आहे ते शेंबडं पोरही सांगेल," मास्तर म्हणाले.
"त्याला ती बरोबर का वाटली, ते सांग."
आणि चहा सांगायला बाहेर गेले.

मी डाव पहिल्यापासून लावला.
चक्की थांबली, वडिलांनी शटर ओढलं,
तेव्हा कुठे दिसलं.
तीस खेळ्या तो हत्ती कोपऱ्यात बसून होता,
स्वतःच्याच प्याद्यांमागे.
पहिल्यांदा रस्ता मोकळा झाला होता.

दुसऱ्या एका डावात उलटं.
दोन्हीकडून आग, वजीर समोरासमोर,
आणि पांढऱ्याने राजा एक घर बाजूला घेतला. बस.
दोन उद्गारचिन्हं.
"त्यानं तर काहीच केलं नाही, मास्तर!"
"हो ना. आता तू करून दाखव,
काहीच न करता."
ते मला अजून नीट जमत नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्या सुनेने वह्या पाठवल्या,
मैद्याच्या पिशवीत. आमचीच पिशवी.
त्यात माझा डाव होता, टिळक रोडच्या शाळेतला, मी चौदाची.
बाविसावी खेळी. घोडा दिला होता मी,
त्याच्या राजासमोरच्या प्याद्यावर.
ती बेडेकरांची मुलगी घाबरली, कोसळली, मी जिंकले.
शेजारी लाल पेन्सिलीने उद्गारचिन्ह.
साडेतीन वह्यांत, स्वतःच्या एवढ्या डावांत
त्यांनी स्वतःला एकही दिलेलं नाही.

रात्री पट मांडला.
घोडा दिला. तिच्या राजाने तो खाल्ला.
मग?
मग काही नाही. मी पुन्हा पाहिलं.
राजा दोन घरं चालत जातो आणि आरामात बसतो.
माझ्याकडे घोडा नाही, हल्ला नाही, काहीच नाही.
मोबाईललाही विचारलं. त्याने क्षणभरसुद्धा घेतला नाही.

मास्तर चुकले होते.
शेंबडं पोरही सांगेल.

मग मी आधीचे डाव काढले, त्या वर्षाचे, त्याआधीचे.
सगळीकडे मी राखण करतेय. प्याद्याला उंट,
उंटाला हत्ती, हत्तीला वजीर,
आणि शेवटी बरोबरी मागून घरी.
त्या दिवशी मास्तर मागच्या बाकावर होते,
रजा टाकून आलेले.

उद्गारचिन्ह मी खोडलं नाही.
शेजारी बारीक प्रश्नचिन्ह काढलं, शिसपेन्सिलीने.
त्यांना चाललं असतं. बहुधा
"हे कळायला पंचवीस वर्षं?" एवढंच म्हणाले असते.

वहीत एक तिकीट राहिलंय, मनपा ते दापोडी, शाई उडालेली.
ते तेविसाव्या खेळीवर ठेवलं.
सकाळी शटर वर करते तोच समोर पहिला डबा,
"ताई, ज्वारी आहे. बारीक दळा."
बोटाला पीठ, पीठ वहीला.
त्या मुलीच्या जागी मी असते तर,
बोल.