कान न कातरलेलं कोकरू

खाडीच्या अलीकडे मासळीचा कारखाना आणि शाळा,
पलीकडे वृद्धाश्रम.
मधे केबल टाकायला फॅरोतल्या या गावाकडे पैसे नाहीत,
म्हणून डोंगरावर तबकडी
आणि हवा. सगळ्यांना मिळून एकच हवा.

तीन स्विच तिच्यावरून बोलतात.
एक बोलत असला की बाकीच्यांनी थांबायचं,
आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर होतं तसं.
प्रत्येक फ्रेमला चार बाइटचा टॅग:
दहा म्हणजे शाळा, वीस म्हणजे वृद्धाश्रम,
तीस म्हणजे कारखान्याचे काटे.

मेंढ्यांचे कान कातरतो ना आम्ही,
डोंगर एक, गवत एक, धुकं एक,
पण शरदात खाली हाकलली की
ज्याची मेंढी त्याच्या कुंपणात.
ट्रंक म्हणजे काय, कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

मंगळवारी सुन्वाचा फोन, वृद्धाश्रमातून:
"टीव्हीवर मासे दिसतायत."
मासे नव्हते, आकडे होते.
कॉड, सव्वीस किलो चारशे.
हॅडॉक, नऊ किलो सहाशे.
टीव्ही मूळचा कारखान्यातला फलक.
नवा आला तेव्हा जुना पुसून यांना दिलेला,
काट्याची हाक ओळखायची त्याची खोड तेवढी
कुणी पुसली नव्हती.

वाऱ्यानं तबकडी हलली, असं मी आधी नोंदवलं.
मग खोडलं.
रविवारी नवा स्विच बसवला तो मीच,
आणि बिनटॅगच्या फ्रेमचं घर
या टोकाला तीस लिहिलं, त्या टोकाला वीस.
कान न कातरलेलं कोकरू
इथून निघालं, तिथे पोचलं,
आणि घरचंच म्हणून दूध पिऊ लागलं.

दुरुस्ती एका ओळीची.
टीव्हीवर पुन्हा हवामान, भजनं, विणकामाचा कार्यक्रम.

गुरुवारी परत सुन्वा:
"ट्रुग्वी जेवत नाही."
खोली चार. एक्केचाळीस वर्षं दर्यावर,
गेली दोन वर्षं कुणाशी शब्द नाही.
पण ते चार दिवस फलकासमोर खुर्ची ओढून
आकडे मोठ्यानं वाचायचा,
आणि एकदा ओरडला म्हणे,
"खोटं! बर्फासकट तोललंय!"

मी कारखान्यात बौर्दुरला भेटले.
तो बराच वेळ हातमोजे झटकत राहिला.
"बघू दे त्याला," म्हणाला.
बर्फाचं काय झालं ते बोलला नाही,
पण काट्यापाशी एक माणूस गुडघ्यावर बसला होता,
पाना घेऊन.

मग पलीकडच्या ट्रंकवर तीसला वाट दिली,
या वेळी टॅगसकट, रीतसर,
तिथल्या एकाच पोर्टपर्यंत. फक्त बघण्यापुरती.
नोंदवहीत कारणाचा रकाना असतो.
तिथे 'चाचणी' लिहायची पद्धत आहे.
मी लिहिलं: ट्रुग्वी, खोली चार.

शनिवारी धुकं उतरलं.
अर्धी हवा पाण्यानं भरली, तिघे स्विच
तेच तेच पुन्हा सांगत, थांबत, सांगत.
फोन वाजला.
"आकडे येत नाहीत," सुन्वा म्हणाली.
"शनिवार आहे. काटाच बंद असतो."
"ते त्याला माहीत आहे गं.
तरी बसलाय."